छताचे डाग

"आधी बटण बंद. मग वायर काढ. मग खिडकी उघड. मग पोरांना अंगणात हाकल. आणि एवढं सगळं झालं, की मग डागाकडे बघ. डाग कुठे पळून चाललाय होय गं?"

आई हे म्हणायची ते बोलल्यासारखं नाही, गायल्यासारखं. लाकडी डावाने पत्र्याच्या डब्यावर ताल धरायची आणि प्रत्येक 'मग'ला डाव एकदा खाली यायचा. नदीपलीकडच्या त्या खांबांवरच्या घरात स्वयंपाकघराच्या फळ्यांमधून खालचं पाणी दिसायचं. लहानपणी जमायाला वाटायचं, आईचा आवाज त्या फटींतून खाली गळतो आणि भरतीबरोबर परत वर येतो. आता ते घर नाही, आई नाही. कुचिंग शहराचा तो काठही आता ओळखू येत नाही. जमाया नदीच्या अलीकडे, एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीत राहते, जिथून पाणी दिसत नाही. पण दर वर्षी रमजान अर्ध्यावर आला, ईदच्या केकची वेळ झाली, आणि ती ओव्हनसमोर गुडघे टेकून बसली, की भरती येते. थरांच्या केकचा ओव्हन बुडाला मळत नाही, छताला मळतो. पातळ थर ओतायचा, फक्त वरच्या कॉइलच्या आचेवर तांबूस करायचा, सपाट लोखंडी दट्ट्याने दाबायचा, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा, हिरवा, लाल, पिवळा. प्रत्येक थराचं लोणी तडतडून वर उडतं आणि छताला चिकटून बसतं. म्हणून हा ओव्हन साफ करायचा तर गुडघ्यांवर बसावं लागतं, डोकं आत घालून मान वर करावी लागते. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई नमाजातच कुठेतरी अडकली आहे.

आज मात्र आईचा आवाज आला तेव्हा उशीर झाला होता. त्याच्या आधी लेकीचा, लीनाचा आला.

"माक! माक, बाहेर ये! अगं बाहेर ये आधी!"

लीना स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कामावरचा निळा स्कार्फ तिने नाकावर दाबून धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पाणी बघून जमायाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की कोण गेलं? लीना दुपारची अशी कधी येत नाही. जमाया ओव्हनसमोरच्या बुटक्या स्टुलावर बसली होती, हातात पळी होती, काचेतून पहिल्या थराचा रंग बघत ती काहीतरी गुणगुणत होती. मग तिला दिसलं. खिडकीच्या बंद पट्ट्यांमधून उन्हाची एक चीर आत आली होती आणि त्या चिरेत पातळ, निळसर काहीतरी तरंगत होतं. डोळे केव्हापासून चुरचुरत होते. तिने ते रोज्यावर ढकललं होतं, वयावर ढकललं होतं.

"इर्दिना कुठंय?"

"निजलीय. मधल्या खोलीत, झोळीत."

लीना धावली. मधल्या खोलीत छताला टांगलेल्या स्प्रिंगला सारोंगच्या कापडाची झोळी होती आणि झोळीत नात होती. खोलीचं दार बंद होतं. बाहेर सकाळपासून रस्ता फोडायचं यंत्र चाललं होतं, त्या आवाजाने पोरीची झोप मोडू नये म्हणून जमायाने ते लावलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या पट्ट्याही त्यासाठीच मिटल्या होत्या. जे दार पोरीला वाचवून गेलं ते शहाणपणाने लावलेलं नव्हतं. इर्दिना झोपेतच होती, एक मूठ उघडी, ओठ दूध पिण्याच्या आकाराचे. लीना तिला तशीच उचलून पुढच्या पडवीत घेऊन गेली. जमायाने बटण बंद केलं, वायर काढली, पट्ट्या उघडल्या, मागचं दार सताड उघडं टाकलं. सगळं आईच्या क्रमाने. फक्त तो क्रम ओव्हन पेटवायच्या आधीचा होता.

पडवीत लीनाने बाळाचे डोळे बघितले, नाक बघितलं, छातीला कान लावला. मग तिचा स्वतःचा श्वास जागेवर आला आणि श्वासापाठोपाठ राग.

"तुला कळलं कसं नाही, माक? मी फाटकाशी गाडी लावली तर तिथेच तो वास माझ्या घशात आला."

"सर्दी झालीय गं. नाक चोंदलंय."

"परत सर्दी? तुझं नाक म्हणजे हा समोरचा रस्ता झालाय. बघावं तेव्हा काम चालू."

जमाया हसली. हसणं सोपं होतं. लीनाही हसणार होती, पण तिचा चेहरा मध्येच मोडला. "चूक माझीच आहे. ती ओव्हन साफ करायची फवाऱ्याची बाटली मीच आणली ना. दुकानातली बाई म्हणाली, मारा, पुसा, झालं. म्हटलं, माकच्या खांद्याला आराम. बाटलीमागे बारीक अक्षरात लिहिलंय, तापणाऱ्या कॉइलवर मारू नये. मी वाचायला पाहिजे होतं. तुला वाचून दाखवायला पाहिजे होतं. हिला काही झालं असतं तर..."

"नाही गं," एवढंच जमाया म्हणाली. चूक तुझी नाही, हे पुढचं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. ओठ उपवासाने सुकलेले होते. वाक्य तिथे थोडा वेळ बसलं आणि परत आत गेलं. सर्दी या एका शब्दामागे ते कितीतरी दिवस राहत होतं. ती जागा त्याच्या सवयीची झाली होती.

बाटलीमागे लिहिलेलं तिने वाचलं असतं तरी ती फसलीच असती. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्या घरी ओव्हनमध्ये कोंबडी भाजत असतील, त्यांचे डाग बुडाला पडत असतील. इथे डाग छताला, आणि कॉइलही छताला. डागावर नेम धरला की कॉइल भिजणारच. सकाळी तिने पुन्हा पुन्हा पुसलं होतं. काळ्या राळेसारखे वर्षानुवर्षांचे ठिपके सुटून फडक्यावर आले, छत आरशासारखं झालं, त्यात तिला स्वतःचं कपाळ दिसलं. दुसरं कोणीही तिथे एकदा नाक नेलं असतं. गेला का वास? नाही? मग अजून एकदा पाण्याचं फडकं. तिने वास डोळ्यांनी बघितला आणि ओव्हन चालू केला.

तापानंतर गेला तो वास. त्या वर्षी घरोघरी माणसं तापाने पडली होती. लीनाला दिवस गेले होते, म्हणून ती नवऱ्याच्या आईकडे राहत होती, आणि जमाया इथे एकटी. ताप उतरला, अंग हललं, चव अर्धी-मुर्धी परत आली. वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, घाई करू नका. तिनेही म्हटलं, येईल. पहिल्यांदा तिला कळलं ते भाताला सुवास देणाऱ्या पांदानच्या पानांमुळे. गाठ मारलेली पानं भातात टाकली, झाकण उघडलं आणि नुसती वाफ तोंडावर आली, भिंतीवरून यावी तशी. पुढे ती शिकली. भाताचं आवाजावरून, दुधाचं खोक्यावरच्या तारखेवरून, थरांचं काचेतून दिसणाऱ्या रंगावरून. गॅसचं बटण ती बोटाने चाचपून बघायची, एकदा, मग दाराशी जाऊन पुन्हा मागे फिरून. मागच्या ईदला शेजारची सलेहा सगळ्यांसमोर तोंडात तुकडा धरून म्हणाली होती, "जमाया, यंदा बुडाचे थर रुसलेत वाटतं तुझ्यावर. जरा कडवट बोलतायत." सगळ्या हसल्या. जमाया म्हणाली, "तुझ्या तोंडात गेल्यावर गोड बोलायला तेही घाबरले." सगळ्या अजून हसल्या. त्या रात्री तिने तो केक फेकून दिला. लोणी, अंडी, दिवसभराची कंबर, सगळं.

पण केकचं काय. केक सलेहा करेल. जे ती कुणाशी बोलली नाही ते हे, की इर्दिना तिच्या हातात पहिल्यांदा आली, मऊ फडक्यात गुंडाळलेली, तेव्हा लीना थकलेल्या डोळ्यांनी म्हणाली, "माक, टाळूचा वास घेऊन बघ हिच्या." जमायाने नाक टेकवलं. ऊब लागली. केसांची लव नाकाला लागली. आत टाळू उडत होती, माशाच्या कल्ल्यासारखी. बाकी काही नव्हतं. "हं," ती म्हणाली, डोळे मिटून, "अगदी तुझ्यासारखा." तिने तेव्हा डोळे मिटले ते लीनाला दिसू नयेत म्हणून. आणि आता लीनाचा नवरा महिनोन् महिने समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर, लीना दिवसभर कामावर, इर्दिना सकाळपासून संध्याकाळपर्यंत या घरात, या झोळीत. रस्त्याच्या टोकाला पैसे घेऊन पोरं सांभाळणारं घर आहे, भिंतीवर बदकं काढलेली. ज्या बाईला गॅस सुटलेला कळत नाही, काहीतरी जळतंय ते कळत नाही, त्या बाईपाशी कोणती आई पोर ठेवेल? जमायाने स्वतः ठेवलं नसतं. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही ती रोज सकाळी दार उघडून हात पुढे करत होती.

ओव्हन गार झाला. जमायाने करपलेला पहिला थर आणि भांड्यातलं सगळं मिश्रण कचऱ्यात ओतलं. जाळ्या, दट्ट्या, ट्रे, सगळं मागच्या अंगणात साबणाच्या कोमट पाण्यात टाकलं. रबराचे मोजे घातले, तोंडाला कापड बांधलं आणि गुडघे टेकले. पाण्याचं फडकं पिळायचं, छत पुसायचं, बादलीत बुडवायचं, पाणी बदलायचं. कॉइल पिळून काढलेल्या फडक्याने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, थेंब आत जाणार नाही अशा हाताने. ज्या कोपऱ्यात राळ अजून धरून बसली होती तिथे तिला नंतर खाण्याच्या सोड्याचा लेप द्यायचा होता, दह्यापेक्षा घट्ट, कॉइलला न शिवणारा, आणि रात्रभर तसाच ठेवायचा होता. आई दुसरं काही वापरायचीच नाही. सोडा, पाणी, फडकं. घरात व्हिनेगर असायचं ते लोणच्यापुरतं, आणि कपडे पांढरे करायचं औषध असायचं ते घराबाहेर, जिन्याखाली, दगडाखाली दाबून. आईची थोरली बहीण, सगळे जिला मक लोंग म्हणायचे, ती यावरून आईला चिडवायची. "आमची ही बाटल्यांची वैरीण," मक लोंग म्हणायची. "नवी नवरी होती, सासू येणार म्हणून ओव्हन लख्ख करायला बसली. एकीने डाग जाईना म्हणून दुसरी बाटली ओतली वर. व्हिनेगर नि ते पांढरं करायचं, एकात एक! खिडकी बंद, कारण सासूला धूर दिसू नये. मग काय, सासू आली तेव्हा सून पडवीत आडवी, सगळी आळी वारा घालतेय." सगळे हसायचे. आईही हसायची. हसता हसता उठून जायची.

पाणी काळं व्हायचं थांबलं. आता ते राखाडी होतं.

आई ओव्हनपाशी जमायालाच घ्यायची. बाकीची भावंडं अंगणात. जमाया मात्र आईच्या गुडघ्याशी, पाटावर. रमजानात मोठी माणसं केक करतात पण चाखत नाहीत, रोजा असतो. सगळा कारभार नाकावर चालतो. आई काचेकडे बघत, नजर न वळवता, अगदी सहज विचारायची, "नाक काय म्हणतंय?" आणि जमाया मान वर करून सांगायची. लोण्याचा येतोय. आता दुधाचा, गोड. आता साखरेचा. आता, आई, आता जरा लाकडासारखा. "लाकूड" म्हटलं की आई तत्क्षणी ट्रे बाहेर ओढायची. थर कधी करपला नाही. त्या काठावर आईच्या केकचं नाव होतं. मधल्या वेळात आई म्हणायची, अर्धं ओठांत, अर्धं पाण्याला सांगितल्यासारखं,

पल्याड तीरी दिवा लागला,
अल्याड नाव ही हले;
सांगायचे ते राहून गेले,
पदरी निखारा फुले.

जमायाला वाटायचं, आई मला शिकवतेय. भावंडांत मलाच निवडलंय. त्या अभिमानावर तिने आयुष्याची इतकी वर्षं काढली होती. लग्नात, वैधव्यात, दर ईदला, पाटावर बसलेली ती पोर तिच्या आत ताठ मानेने बसून होती.

"लीना," ती हाक मारून म्हणाली. ओव्हन रिकामाच, सगळ्या पट्ट्या आणि मागचं दार उघडं ठेवून तिने तापवला होता. "बाळाला सलेहाकडे दे घटकाभर आणि इकडे ये. वास गेला का बघ गं."

आणि हात जिथे होता तिथे थांबला.

वाक्य तिचं नव्हतं. शब्द नव्हेत, शब्द कुणाचेही असतात, तो स्वर. नजर दुसरीकडे, आवाज हलका, जणू विचारलं नाही तरी चाललं असतं. हा सहजपणा सहज नव्हता. तो घोटून घोटून बसवलेला होता, तिने आरशासमोर बसवला असता तसा. तिला तो आतून ठाऊक होता, कुठे श्वास घ्यायचा, कुठे नजर फिरवायची. आणि तोच, तसाच, तिने पाटावर बसून ऐकला होता. नाक काय म्हणतंय? वास गेला का बघ गं. ही मासळी बघ गं ताजी आहे का, माझे हात ओले आहेत. दूध बघ गं.

वडिलांनी एकदा मोसमाचा पहिला दुरियान, दूरवर वास मारणारं ते काटेरी फळ, आणला होता, आईला चकवायला जिन्याच्या पायरीखाली लपवला होता. अख्ख्या आळीला कळलं. पलीकडच्या घरातून माणसं ओरडली, आम्हालाही ठेवा. आई त्या पायरीवरून वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. वडील हसून लोळले. "बघा, नाटक बघा हिचं!" आणि आई मध्येच थांबली, सगळ्यांची तोंडं एकेक करून बघितली, आणि हसली. "मग? तुम्हालाच येतं होय नाटक?" जमायाला आता ते थांबणं दिसलं. हसण्याआधीचं. घरभर माणसं, सगळ्यांना काहीतरी ठाऊक, आणि मधोमध एक बाई, ते काय आहे हे चेहऱ्यांवरून वाचणारी.

तर आई शिकवत नव्हती. आई विचारत होती, बहुधा त्या दोन बाटल्यांच्या दिवसापासून.

ओव्हनची ऊब तिच्या चेहऱ्यावर येत होती. पाटावरची पोर उठून गेली असं तिला वाटलं. मग वाटलं, नाही, ती तिथेच आहे, फक्त आता तिच्या हाताला आईचा हात आहे. किती घट्ट धरला होता. पोरीला वाटायचं, लाडाने.

लीना आली, वाकली, ओव्हनपाशी नाक नेलं, छातीभर श्वास घेतला. जमाया तिच्या नाकपुड्यांकडे बघत राहिली, त्या कशा फुलतात, कशा मिटतात. किती सहज.

"गेला. काही नाही आता. थोडा तापलेल्या पत्र्याचा, म्हणजे स्वच्छाचा." लीनाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाटली मी टाकून दिली, माक. तू तुझी पद्धत सोडू नकोस. आता भीती नाही. उद्या मी लवकर जाईन, इर्दिनाला निजलेलीच आणून सोडते, चालेल?"

"आण की," जमायाने म्हटलं.

ओव्हन पुन्हा गार झाल्यावर छताच्या कोपऱ्यांत तिने लेप दिला, बोटाने, हळूहळू. आता भीती नाही. हे वाक्य लेपासारखंच जाड होतं, सगळ्यावर बसत होतं. भीती बाटलीत होती आणि बाटली गेली. लीना आज रात्री शांत झोपेल. उद्या इर्दिना या खोलीत असेल, परवा असेल, आणि कुठल्यातरी दुपारी गॅसचं बटण बोटाला बंद लागेल आणि बंद नसेल. आईने जे केलं ते केकपुरतं होतं, करपला असता तर थर करपला असता. की तेही तेवढ्यापुरतं नव्हतं? पोरांना आधी अंगणात हाकल, म्हणायची. प्रत्येक वेळी. डाव आपटून.

संध्याकाळ झाली. लीनाने मेजावर खजूर मांडले, भाताची लापशी, तळलेली मासळी, पाण्याचे पेले. इर्दिना सलेहाकडून परत आली होती, लीनाच्या मांडीवर चमचा चघळत होती. समोरच्या रस्त्याचं यंत्र थांबलं होतं आणि ते थांबल्यावर कळलं की किती वेळ कान आवळून धरले होते. दोघी पेल्यांकडे बघत बसल्या. मग मशिदीची बांग आली, छपरांवरून, सावकाश. लीनाने दुआ पुटपुटली, खजूर तोंडात घातला, पाणी प्याली.

जमाया पाणी प्याली. पाणी सुकलेल्या ओठांवरून आत गेलं आणि आत जे बसलं होतं ते जागचं हललं.

"लीना, चूक तुझी नाही."

"असू दे गं, झालं ते. खा आधी."

"सर्दी नाही मला."

लीनाने मान वर केली. मासळीचा तुकडा तिच्या हातात होता. जमायाने नजर वळवली नाही. काचेकडे नाही, खिडकीकडे नाही. आवाज हलका करायचा तिने प्रयत्नही केला नाही, आणि तो जसा होता तसा, जड, बाहेर आला.

"मला वास येत नाही. त्या तापापासून. कसलाच येत नाही. आज तुला फाटकाशी आला तो मला ओव्हनपाशी बसून आला नव्हता. हिला इथे सोडायचं की नाही ते तू ठरव, मी वाईट मानणार नाही... मानीन, पण तू ठरव." इर्दिनाने चमचा टाकला आणि आजीकडे दोन्ही हात केले. जमायाने ते हात घेतले नाहीत, नुसते बोटांत धरले. "फक्त एक सांग. तेव्हा मी खोटं बोलले. हिच्या टाळूला कसला वास येतो?"